सक्रिय बचाव, बुद्धिबळातील

बुद्धिबळाच्या डावाच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे पटावर मोजकीच मोहरी उरलेली असताना, बलाने कमी असलेल्या खेळाडूने आपली मोहरी नुसत्या राखणीस न जुंपता प्रतिपक्षास सतत अडचणीत आणण्यासाठी वापरण्याची व त्यायोगे पराभव टाळण्याची पद्धती. स्पर्धांत विजयास सामान्यतः एक व बरोबरीस अर्धा गुण मिळतो. त्यामुळे हरत चाललेल्या डावातून अर्धा गुण वाचविणे हे या बचावाचे मुख्य उद्दिष्ट असते.

डावाच्या मध्यात एखादे प्यादे कमी असल्यास त्याची भरपाई हल्ल्याने होऊ शकते. अखेरीस मात्र प्रत्येक प्यादे हा संभाव्य वजीर असतो. अशा वेळी उरलेली प्यादी जपण्याकडे बचाव करणाऱ्याचा स्वाभाविक कल असतो; पण प्याद्याच्या राखणीस बांधला गेलेला हत्ती अथवा पटाच्या कडेला अडकलेला राजा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. प्रतिपक्ष मग सावकाश आपली मोहरी सुधारून घेतो आणि दुसरीकडे नवी आघाडी उघडतो. म्हणून आणखी एक प्यादे देऊनही मोहऱ्यांना मोकळीक मिळवून देणे बरेचदा हितावह ठरते.

मोहरी कमी झाल्यावर मात होण्याचे भय ओसरते व राजा स्वतःच एक प्रभावी मोहरे बनतो. याचे विख्यात उदाहरण म्हणजे रिखार्ट रेटी (१८८९–१९२९) याने १९२१ मध्ये रचलेला कूटप्रश्न. त्यात पांढऱ्याचा राजा एच८ व प्यादे सी६ या घरात, तर काळ्याचा राजा ए६ व प्यादे एच५ या घरात असते. खेळी पांढऱ्याची असली, तरी त्याचा राजा काळ्या प्याद्याच्या पाठलागात दोन खेळ्यांनी मागे आहे आणि त्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या टप्प्यात आहे. तरीही पांढऱ्याला बरोबरी साधता येते. राजा जी७, एफ६ अशा तिरक्या मार्गाने निघतो. काळ्याने आपले प्यादे पुढे रेटले, तर राजा ई७ या घरात जाऊन स्वतःच्या प्याद्यास साहाय्य करतो व दोन्ही प्याद्यांचे वजीर होतात. काळ्याने बी६ येथे राजा आणल्यास पांढरा राजा ई५ गाठतो. तेथून त्याला दोन्ही वाटा मोकळ्या राहतात आणि काळ्याला त्यांपैकी एकच अडविता येते. एकाच खेळीने दोन उद्दिष्टे साधणे हे सक्रिय बचावाचे मर्म येथे अगदी शुद्ध स्वरूपात दिसते.

प्रत्यक्ष खेळात हत्तींची अखेर वारंवार उद्भवते आणि तीत सक्रियतेचे महत्त्व सर्वाधिक असते. हत्ती व प्यादे विरुद्ध हत्ती या अखेरीतील मूलभूत बचाव फ्रेंच खेळाडू व संगीतकार फ्रान्स्वा-आंद्रे फिलिदोर (१७२६–९५) याच्या नावाने ओळखला जातो. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेत उभा राहतो व हत्ती आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या आडव्या ओळीवर राहून प्रतिपक्षाच्या राजाला पुढे येऊ देत नाही. कोंडी फोडण्यासाठी प्यादे त्या ओळीवर सरकताच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि मागून शह देत राहतो. प्यादे पुढे गेल्यामुळे हल्लेखोर राजाला आडोसा उरत नाही. हत्ती वेळेपूर्वीच मागे नेल्यास बचाव अवघड होतो. अर्थात सक्रियतेलाही योग्य क्षणाची जोड लागते.

कडेच्या पट्टीवरील प्याद्याविरुद्धचा बचाव चेक रचनाकार योसेफ व्हांचुरा (१८९८–१९२१) याने दाखविला. तो त्याच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिपक्षाचा हत्ती स्वतःच्याच प्याद्यापुढे अडकलेला असताना बचावाचा हत्ती प्याद्यावर आडवा मारा धरतो. राजा प्याद्याच्या मदतीस आला, की तोच हत्ती बाजूने शह देऊ लागतो. दोन्ही हत्तींचे बल समान असले, तरी एक जखडलेला व दुसरा मोकळा असल्याने जादा प्यादे निष्फळ ठरते.

पराभवाच्या छायेतील खेळाडूस आणखी काही साधने उपलब्ध असतात. बलाने कमी असलेल्याने शक्यतो प्याद्यांची अदलाबदल करावी, मोठ्या मोहऱ्यांची नव्हे, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रतिपक्षाकडे राजाखेरीज एकच उंट किंवा एकच घोडा उरल्यास त्याला मात करता येत नाही. म्हणून शेवटच्या प्याद्यासाठी आपले मोहरे देणेही परवडते. राजाला शह नसताना कोणतीच खेळी शिल्लक नसल्यास डाव बरोबरीत सुटतो. आपला राजा व प्यादी अशी अडकलेली असताना हत्ती वारंवार बळी देऊ करणे, ही या नियमावर आधारलेली जुनी युक्ती होय.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. प्रतिपक्षाची दोन जोडप्यादी बरीच पुढे गेली असल्यास दूरचा हल्ला बहुधा उशिरा पोचतो. बाजूने दिलेले शह हत्ती व राजा यांत पुरेसे अंतर असेल, तरच टिकतात. उलट घोड्याच्या पट्टीवरील प्याद्याविरुद्ध हत्ती शेवटच्या ओळीवर ठेवून केलेला निष्क्रिय बचावही तग धरतो. मधल्या पट्ट्यांवर मात्र तो सामान्यतः कोसळतो.

संगणकांच्या साहाय्याने राजांसह सात मोहऱ्यांपर्यंतच्या अखेरींचे संपूर्ण विश्लेषण २०१२ मध्ये मॉस्को राज्य विद्यापीठातील महासंगणकावर करण्यात आले. अशा कोष्टकांमुळे कोणती स्थिती जिंकणारी व कोणती बरोबरीची, हे निश्चितपणे सांगता येते. तथापि पटासमोर बसलेल्या खेळाडूस कोष्टक उपलब्ध नसते. बरोबरीच्या स्थितीतही अचूक खेळी त्यालाच शोधावी लागते आणि हरणाऱ्या स्थितीत प्रतिपक्षाकडून चूक घडेल, असे प्रश्न त्याच्यापुढे उभे करावे लागतात. निष्क्रिय मोहऱ्यांना असे प्रश्न विचारता येत नाहीत. सक्रिय मोहऱ्यांना येतात, हेच या बचावाचे व्यावहारिक मूल्य होय.