दम्यावरील औषधे : दोन कार्ये, दोन प्रकार

दम्याच्या रोग्यास श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक कष्टाचे जाते. याचे कारण श्वासनलिकांच्या बारीक शाखांत आढळते. या शाखांभोवती अनैच्छिक स्नायूंचे वेटोळे असते. धूळ, परागकण, धूर किंवा थंड हवा यांच्या निमित्ताने ते आवळले जातात. आतील अस्तर सुजते आणि चिकट कफ साचून उरलीसुरली वाटही अडते. स्नायूंचे आकुंचन आणि अस्तराचा दाह हे या विकाराचे दोन निरनिराळे घटक होत. साहजिकच त्यांवरील औषधेही मुख्यतः दोन प्रकारची आहेत.

पहिल्या प्रकारची औषधे श्वासनलिका रुंद करतात. शरीरात तयार होणारे ॲड्रेनलिन हेच कार्य करते. परंतु त्यामुळे हृदयाचे ठोकेही वाढतात. हृदयावर कमी परिणाम करणाऱ्या द्रव्याच्या शोधातून १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल ब्रिटनमध्ये वापरात आले. ते फवाऱ्यावाटे ओढून घेतल्यास स्नायू काही मिनिटांतच सैल पडतात आणि चार ते सहा तास आराम वाटतो. मात्र अस्तराची सूज त्याने उतरत नाही.

ते कार्य दुसऱ्या प्रकारच्या औषधांचे, म्हणजे स्टेरॉइडांचे. दाह उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांची पेशींतील निर्मितीच ती मंदावतात. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते. १९७२ मध्ये बेक्लोमेथॅसोनचा फवारा आला आणि ही अडचण बरीच दूर झाली. कारण त्यातील अत्यल्प मात्रा थेट श्वासनलिकांत पोचते. घशात बुरशी वाढू नये म्हणून फवाऱ्यानंतर चूळ भरणे मात्र आवश्यक असते. याखेरीज, दाहास कारण होणाऱ्या ल्युकोट्राइन या द्रव्यांना अडविणाऱ्या मॉन्टेलुकास्टसारख्या गोळ्याही आहेत.

स्टेरॉइडचा पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात. तत्काळ आराम न वाटल्याने, किंवा 'पंपाची सवय लागते' या गैरसमजापायी, अनेक रोगी नेमके हेच औषध सोडतात आणि केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबतात. श्वास मोकळा वाटतो, पण आत दाह वाढतच राहतो आणि एखादा झटका प्राणावर बेततो. म्हणूनच प्रौढ व किशोरवयीन रोग्यांनी केवळ अशा तात्पुरत्या औषधावर राहू नये, स्टेरॉइडची जोड घ्यावी, अशी शिफारस दम्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत २०१९ पासून करण्यात आली आहे.