व्यसनमुक्तीची वाट : उल्हासनगर ते बदलापूर, उपचार मिळतात कुठे?

दारू सुटत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. प्रश्न असतो तो पुढचा. न्यायचे कुठे? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे मुंबईपासून लोकलच्या अंतरावर आहेत. परंतु शहरांची हद्द संपताच चित्र बदलते. बारवी धरणाचा परिसर, मलंगगडाचा पायथा, वांगणीच्या पुढची गावे, मुरबाडकडचे ठाकूर-कातकरी पाडे येथे दारू हाताशी आहे, उपचार मात्र दूर आहेत. काळा गूळ आणि नवसागर वापरून गाळलेली हातभट्टीची दारू ओढ्याकाठी सहज मिळते. मनोविकारतज्ज्ञ गाठण्यासाठी मात्र एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते. या अंतरातच अनेक संसार अडकून पडले आहेत.

हे अंतर केवळ या पट्ट्यापुरते नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, असे त्यात नोंदवले आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाने काही उपचार घेतल्याचे सांगितले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. बाकीचे घरीच असतात, आणि त्यांच्यासोबत त्यांचे घरही.

व्यसन हा आजार आहे

'मनात आणले तर सोडेल,' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. दीर्घकाळ दारू घेतल्यावर मेंदूचे रासायनिक संतुलन त्या दारूला धरूनच बसते. ती अचानक बंद झाली की शरीर बंड करते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, छाती धडधडते. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत ही लक्षणे सुरू होतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना भास होऊ लागतात, दिवसवेळेचे भान सुटते, भिंतीवर किडे दिसू लागतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते.

म्हणून रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून दारू तोडायला लावणे हा उपाय नव्हे, तो धोका आहे. फिट येणे, बरळणे, तीव्र ताप किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. अशा रुग्णाला ठरावीक औषधे क्रमाने कमी करत दिली जातात आणि त्याबरोबर 'बी-१' अर्थात थायमिन हे जीवनसत्त्व दिले जाते. गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आलाय' म्हणून केवळ ग्लुकोजची बाटली चढवण्याची पद्धत आहे. दीर्घकाळ पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या रुग्णाला थायमिनविना ग्लुकोज देणे मेंदूला अपायकारक ठरू शकते. डॉक्टरांना रुग्णाच्या पिण्याची खरी माहिती सांगणे म्हणूनच महत्त्वाचे. लाजेपोटी ती लपवली जाते आणि उपचार चुकतात.

गर्द, अफूजन्य पदार्थ किंवा कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांच्या व्यसनाची गोष्ट थोडी निराळी आहे. ती बंद केल्यावर होणारा त्रास असह्य असतो, पण सहसा प्राणघातक नसतो. खरा धोका नंतर असतो. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते. अशा वेळी जुन्याच मात्रेने पुन्हा सुरुवात केली तर मृत्यू ओढवू शकतो. या रुग्णांसाठी जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळीचा उपचार निवडक सरकारी केंद्रांत देखरेखीखाली दिला जातो. 'एमडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेफेड्रोनचा समावेश २०१५ साली अमली पदार्थविरोधी कायद्यात झाला. त्याची तलफ हमखास घालवणारे असे एखादे औषध नाही. समुपदेशन आणि संशय, भास, आक्रमकता या लक्षणांवरील मनोविकारतज्ज्ञांचे उपचार हाच मार्ग आहे.

'नकळत दारू सोडवा'

लोकलच्या डब्यात आणि रिक्षाच्या पाठीवर ही जाहिरात दिसते. जेवणात मिसळायची पूड, पिणाऱ्याला पत्ता लागणार नाही, शंभर टक्के हमी. हमी देता येईल असे औषध या आजारावर नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अशा पुडीत नेमके काय आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. डायसल्फिराम हे औषध व्यसनमुक्तीच्या उपचारांत खरोखर वापरले जाते. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेल्या माणसासाठी ही प्रतिक्रिया प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच दिले जाते. पतीला न सांगता आमटीत औषध कालवणाऱ्या पत्नीचा हेतू कितीही चांगला असला, तरी परिणाम तिच्या हातात राहत नाही.

पहिले दार सरकारी

पहिला टप्पा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, बदलापूर आणि मुरबाड येथील ग्रामीण रुग्णालये ही या पट्ट्यातील प्रमुख सार्वजनिक रुग्णालये. फिट, रक्ताची उलटी, कावीळ किंवा बेशुद्धी असेल तर आधी येथेच न्यावे. व्यसनाचा विचार जीव स्थिरावल्यावर करता येतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. तेथून पुढे पाठवताना संदर्भचिठ्ठी मागून घ्यावी, म्हणजे पुढील रुग्णालयात पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही.

दुसरा टप्पा मानसोपचाराचा. १९०१ साली स्थापन झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय या भागाला सर्वांत जवळचे मोठे सरकारी केंद्र आहे. 'मनोरुग्णालय' या शब्दाला बिचकून अनेक कुटुंबे तिथे जात नाहीत. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा समावेश मानसिक आजारातच केला आहे, आणि सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे.

मुंबईतील मोठ्या रुग्णालयांच्या मनोविकार विभागांतही व्यसनाधीनतेवर उपचार होतात. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलने गाडी न बदलता शीवला उतरून लोकमान्य टिळक रुग्णालय, परळला केईएम आणि भायखळ्याला उतरून जे. जे. रुग्णालय गाठता येते. बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर सकाळी निघतो, त्यामुळे पाड्यावरून येणाऱ्यांनी पहाटेची गाडी धरावी. सोबत घरातील एक जबाबदार माणूस, ओळखपत्र आणि जुनी कागदपत्रे असावीत.

कोठून सुरुवात करावी हेच उमगत नसेल, तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मराठीतूनही बोलता येते. केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांची माहिती पहिल्या क्रमांकावर विचारावी.

संस्थांचा आधार

महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटले की 'मुक्तांगण'चे नाव निघते. ऐंशीच्या दशकात मुंबईत पसरलेल्या गर्दवर डॉ. अनिल अवचट यांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र उभे राहिले. डॉ. सुनंदा अवचट यांनी त्याची उपचारपद्धती घडवली. पाच आठवड्यांचा निवासी उपचार, बरे झालेल्या रुग्णांनीच समुपदेशक होणे, पत्नींसाठी 'सहचरी' गट आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा ही तिची वैशिष्ट्ये. व्यसनाधीन स्त्रियांसाठी तेथे 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. स्त्रियांसाठी वेगळी सोय असलेली केंद्रे मोजकीच असल्याने हा उल्लेख आवर्जून करावा लागतो.

मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेले 'कृपा फाउंडेशन' वांद्रे आणि वसई येथे कार्यरत आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली 'आयपीएच' ही संस्था समुपदेशनासाठी ओळखली जाते. याशिवाय 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे 'एए'च्या सभा आहेत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीत शुल्क नाही, नाव-आडनावाची सक्ती नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' हा स्वतंत्र गट चालतो. रुग्ण उपचाराला तयार नसला तरी घरच्यांनी तेथे जाण्यास काहीच हरकत नाही. अनेकदा बदलाची सुरुवात तेथूनच होते.

खासगी केंद्र निवडताना

शहरापासून दूर, भाड्याच्या बंगल्यात चालणारी खासगी केंद्रे राज्यात जागोजागी आहेत. काही मनापासून काम करतात. काहींच्या भिंतींआड काय चालते, हे बाहेर कळत नाही. घाबरलेले कुटुंब दूरध्वनीवर केंद्र ठरवते, गाडी येते, चार माणसे रुग्णाला उचलून नेतात आणि महिनाभर भेट नाकारली जाते. असे केंद्र कायद्यात बसत नाही.

कायद्यानुसार दाखल करून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. सक्तीने मुंडण करणे, मोबदल्याविना राबवून घेणे हेही निषिद्ध आहे. रुग्णाच्या इच्छेविना दाखल करायचे झाल्यास त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. त्या दोघांपैकी एक मनोविकारतज्ज्ञच असावा लागतो. रुग्णापासून स्वतःला वा इतरांना गंभीर धोका असणे किंवा तो स्वतःची काळजी घेऊ न शकणे, असे कारणही असावे लागते. असा प्रवेश सुरुवातीला ३० दिवसांपुरताच असतो. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. नोंदणी प्रमाणपत्र कुठे आहे? डॉक्टर किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता? भेटीचा दिवस कोणता? उत्तर देताना आढेवेढे घेतले गेले तर परत फिरावे.

आरोग्यविम्यावर फार विसंबू नये. मानसिक आजारांना संरक्षण देणे कायद्याने बंधनकारक असले, तरी दारू व अमली पदार्थांच्या व्यसनावरील उपचार वगळणारे कलम अनेक पॉलिसींत असते.

पोलिसांची भीती हे अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या कुटुंबांचे मोठे ओझे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच याचे उत्तर आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्हा असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते.

उपचार गावात का येऊ नयेत?

पाच आठवडे घर सोडणे वीटभट्टीवरच्या मजुराला परवडत नाही. त्याची उचल फिटायची असते, चूल रोजच्या मजुरीवर पेटत असते. अशांसाठी रुग्णाने शहरात जाण्यापेक्षा उपचारांनी गावात येणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. तमिळनाडूत टी. टी. रंगनाथन संस्थेने १९८९ पासून मंजकुडी या खेड्यात व्यसनमुक्ती शिबिरे भरवून तो दाखवून दिला. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ही वाट धरली. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात २०१६ साली राज्य सरकार, 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून 'मुक्तिपथ' अभियान सुरू झाले. तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी व्यसन उपचार क्लिनिक आणि गावोगावी उपचार शिबिरे हा त्याचा गाभा आहे. बंदी आणि उपचार या दोन गोष्टी हातात हात घालून चालाव्या लागतात, हे गडचिरोलीने शिकवले.

अंबरनाथ आणि मुरबाड तालुक्यांसाठी याहून वेगळे काही लागणार नाही. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, आवश्यक औषधांचा साठा आणि आशा सेविकेला व्यसनाची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. विषारी दारूने २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक बळी घेतले. त्यानंतर छापे पडले, अटका झाल्या. मात्र हातभट्टी मोडली तरी तलफ मोडत नाही. ती दुसरी भट्टी शोधते.

घरी परतल्यानंतर

केंद्रातून बाहेर पडणे म्हणजे उपचार संपणे नव्हे. पहिले काही महिने घसरण्याचा धोका सर्वाधिक असतो. सणवार, लग्नाची वरात, पगाराचा दिवस, जुन्या मित्राची हाक ही घसरणीची नेहमीची ठिकाणे. मधुमेही रुग्णाची साखर वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही, औषध बदलतो. व्यसन परत आले तर तोच न्याय लावावा, पुन्हा डॉक्टरांकडे जावे. पैशांचा व्यवहार काही काळ घरच्यांनी सांभाळावा, ठरलेल्या तारखेला पाठपुराव्यासाठी न्यावे आणि जुन्या चुकांचा पाढा वाचू नये. मारहाण होत असेल तर मात्र 'आजारी आहे' म्हणून ती सोसण्याचे कारण नाही. महिलांसाठीच्या १८१ या हेल्पलाइनवर मदत मागता येते.

रुग्ण स्वतःहून 'मला यातून सोडवा' म्हणतो तो क्षण फार थोडा टिकतो. बहुधा सकाळी, अंगातला कैफ उतरल्यावर. त्या वेळी घरात दोन क्रमांक लिहिलेले असावेत, रुग्णालय ठरलेले असावे आणि गाडीभाड्याचे पैसे बाजूला ठेवलेले असावेत. शोधाशोध तेव्हा सुरू केली, तर संध्याकाळपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो.