कोयता, पिशवी आणि आईपण

दिवाळी सरली की श्रीरामपूरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात आणि आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एक वाक्य ऐकू येते, "त्यांच्यात पोरींची लवकर लग्ने करायची पद्धतच आहे." बोलणारे सज्जन असतात. 'त्यांच्यात' म्हणजे माझ्यातही, हे त्यांच्या ध्यानात नसते. माझे आईवडील पाथर्डी तालुक्यातून याच पट्ट्यात ऊस तोडायला येत. ही 'पद्धत' येते कुठून, ते एकदा नीट पाहायला हवे.

ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती जोडीला. व्यवहार मात्र पुरुषाशी. एकटा गडी अर्धा कोयता ठरतो, त्याची उचलही तशीच. तो ऊस तोडील, पण मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार कोण? म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकली जातात. इकडे मुलीच्या आईबापांनाही पाच-सहा महिने बाहेर राहायचे असते. वयात आलेली पोर गावी एकटी ठेवायची तर 'इज्जती'चा धाक, बरोबर न्यायची तर कोपीला दार नसते. लग्न लावले की दोन्ही घोर मिटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के आढळल्या. कोयत्यांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये ४३.७ टक्के.

बालविवाह हे जात टिकवण्याचे साधन आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. जातीने घडवलेले ते साधन साखरेच्या धंद्याला आयतेच मिळाले. रूढी आणि मजुरी अशा एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. नुसत्या प्रबोधनाने पहिली पडणार नाही आणि नुसत्या दरवाढीने दुसरीही सुधारणार नाही.

आईपणाचेही तेच. बाळंतीण बाई ओल्या अंगाने फडात उतरते, कारण एक जण बसला तरी 'खाडा' धरला जातो. मूल झाडाला बांधलेल्या झोळीत, आणि झोळी हलवायला थोरली बहीण. आमच्या घरी मी मुलगा म्हणून गावी आजीजवळ राहिलो आणि शाळेत गेलो. बहीण धाकट्याला सांभाळायला कोपीवर गेली. चौदाव्या वर्षी तिचाही कोयता झाला. पहिल्या पिढीचा पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा ती फडात होती. हे मी पुष्कळ वर्षे कुणाला सांगितले नाही.

आमच्या बायका गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. पोरे झाली, आता पिशवीचे काय काम, हे घराघरांत सहज बोलले जाते. बाई म्हणजे आई, आणि आईपण उरकले की तिचा तो अवयव म्हणजे अडगळ! फडावर पाणी नाही, आडोसा नाही. पाळीचे चार दिवस म्हणजे खाड्याची भीती. त्यात अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात जावे तर कॅन्सरचे भय घातले जाते. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात, २०१९ साली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे सहा जणींत एक.

मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या बाळंतपणातील विश्रांतीचा पुरस्कार केला. तिच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकानेही तो भार उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव आला, तो बाबासाहेबांच्या वतीने मांडला आपल्याच नगर जिल्ह्यातून निवडून आलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या प्र. ज. रोहम यांनी. ठराव फेटाळला गेला. मूल केव्हा आणि किती, हा स्त्रीच्या जिवाचा प्रश्न आहे, हे आपल्या चळवळीने इतक्या लवकर ओळखले होते. आज मात्र जयंतीच्या भाषणांत तो विषय क्वचितच निघतो. आणि ऊसतोड बाईचा मालक कोण, हे तर अजून ठरत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम नवऱ्याकडे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला त्रास सुरू झाला. एका डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितले. आई लगेच म्हणाली, "दोन लेकरं झाली, काढून टाक." मीही मान डोलावली. पत्नीनेच हट्ट धरून दुसरीकडे दाखवले, गोळ्यांवर भागले. त्या रात्री आईला तिच्या ऑपरेशनचे विचारले. तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. पैसे मुकादमाने दिले होते, आणि पुढच्या दोन हंगामांत उचलीतून कापून घेतले होते.