बालवाचक कुठे उभा असतो?

मराठीत बालसाहित्याची चर्चा होते ती बहुधा लेखक, प्रकाशक, पालक आणि शिक्षक यांच्यामध्ये. ज्याच्यासाठी हे सारे लिहिले जाते त्या मुलाला कुणी विचारत नाही. विचारलेच तर ‘मला आवडलेले पुस्तक’ या निबंधापुरते. त्या शीर्षकातच उत्तर ठरलेले असते. पुस्तक आवडलेच पाहिजे, त्यातून बोध झालाच पाहिजे आणि तो बोध गुरुजींच्या मनातला असला पाहिजे. न आवडलेल्या पुस्तकावर लिहा, असे कुणी सांगत नाही. मुलाचा खरा प्रतिसाद वहीत उतरण्याआधीच असा मारला जातो. दलित मुलाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही. तो त्याच्या अस्मितेचा होतो.

अमेरिकेतील लुईस रोझेनब्लाट या प्राध्यापिकेने ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ या १९३८ मधील ग्रंथात एक महत्त्वाचा विचार मांडला. साहित्यकृतीचा अर्थ छापील पानावर तयार पडलेला नसतो. कृती आणि स्वतःचे आयुष्य घेऊन तिच्यापाशी आलेला वाचक यांच्या देवघेवीतून तो घडतो. हे मान्य केले तर पुढचा प्रश्न अटळ आहे. आयुष्येच विषम असतील तर एका पुस्तकाचा अर्थ सर्वांना सारखा कसा लागेल?

उदाहरण म्हणून ‘श्यामची आई’ घेऊ. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मराठी घराघरांत पोचले आहे. त्यात एका महार म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते. विटाळाच्या भीतीने कुणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला मोळी उचलून द्यायला पाठवते, आणि परत आल्यावर अंघोळ करायला सांगते. पिढ्यान्‌पिढ्या हा प्रसंग करुणेचा पाठ म्हणून शिकवला गेला.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी हा प्रसंग वाचून दाखवतो आणि नाव न घालता चार ओळी लिहायला सांगतो. प्रश्न एकच : लहानपणी हे वाचताना तुम्ही कुठे उभे होता? पुष्कळजण श्यामच्या बाजूला असतात. त्यांना आई थोर वाटलेली असते. पण एकाने लिहिले होते, “मी म्हातारीजवळ होतो. मोळी डोक्यावर आली तेव्हा बरं वाटलं. मग अंघोळीचं आलं आणि मी पुस्तक मिटलं.” दुसऱ्या एका चिठ्ठीत होते, “आजी घरी गेल्यावर सुनेला काय म्हणाली असेल?”

प्रस्थापित समीक्षा अशा प्रतिसादाला ‘व्यक्तिगत’ म्हणून बाजूला सारते. परंतु श्यामशेजारी उभा राहणारा वाचकही एक व्यक्तीच आहे. त्याची जागा इतकी सवयीची झाली आहे, की तिला आपण ‘सार्वत्रिक’ म्हणतो. यात गुरुजींच्या हेतूविषयी शंका नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी प्राणांतिक उपोषण केले, हा इतिहास आहे. पण मुलाचा प्रश्न लेखकाच्या हेतूविषयी नसतो. या पुस्तकात माझी जागा कोणती, एवढेच तो विचारत असतो.

अशा एका प्रश्नातून काय घडू शकते, हे अमेरिकेत दिसले. चित्रांच्या पुस्तकांत नेहमी गोरीच मुले का असतात, असे एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारले. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाची सुरुवात या प्रश्नाने होते. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील ५,२०६ बालपुस्तके त्यांनी पडताळली. कृष्णवर्णीय व्यक्ती आढळली ती फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेकडा ६.७. पुढे १९९० साली रुडीन सिम्स बिशप यांनी आरसा आणि खिडकी अशी उपमा वापरली. मुलाला पुस्तकात स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे आणि दुसऱ्याचे जगही दिसले पाहिजे. ज्यांना फक्त आरसेच मिळतात ती मुले स्वतःलाच जग समजू लागतात. आपल्या सवर्ण मध्यमवर्गीय बालसाहित्याला हे तंतोतंत लागू पडते.

मग दलित मुलाच्या हाती दलित आत्मकथन दिले की काम भागले काय? ‘बलुतं’ १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली. त्यांत बालपण आहे, पण ते प्रौढ वाचकासमोर मांडलेले आहे. असा उतारा वर्गात वाचला जात असताना सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्या, असे एका विद्यार्थिनीने मला सांगितले. आरसा चारचौघांत समोर धरला तर तो जखमही करतो. शिवाय भुकेची कहाणी वाचणे हे दलित मुलाचे कर्तव्य नव्हे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर सायकलवर सुसाट सुटण्याचा हक्क त्यालाही आहे. आणि असा एखादा धाडसी पोरगा आपल्या वस्तीतला का नसावा, असे विचारण्याचाही.

वस्तीत वाचनालय चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी यासाठी फार काही करायला नको. पुस्तक परत घेताना ‘बोध काय?’ विचारू नये. कुठे थांबलास, कुणाच्या बाजूला होतास, या गोष्टीत कोण दिसलं नाही, हे तीन प्रश्न पुरेत. उत्तराला गुण नकोत, नाव नको. गप्प राहण्याची मुभा हवी. कंटाळा आला हे उत्तरही लिहून ठेवावे. पाच-दहा वर्षे अशा वह्या जमल्या तर बालसाहित्याची समीक्षा त्यांतूनच उभी राहील, आणि उद्याच्या लेखकालाही कळेल की मोळी उचलून देणाऱ्याची गोष्ट लिहून झाली आहे, ती वाहणाऱ्या आजीची गोष्ट मुलांसाठी अजून लिहायची आहे.