पुनरावृत्त डीएनए क्रम आणि मानवी गुणसूत्रांची पुनर्रचना : बॉम्बे रक्तगटाच्या संदर्भात

प्रस्तावना :

बारामती व इंदापूर परिसरातील महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने रक्तदान शिबिरे भरविली जातात. काचपट्टीवरील तपासणीत ए व बी प्रतिजन आढळले नाहीत, तर त्या व्यक्तीची नोंद 'ओ' गटात होते. बहुतांशी ती बरोबरच असते; परंतु क्वचित प्रसंगी तिच्यामागे बॉम्बे रक्तगट दडलेला असतो. अशा रुग्णाला 'ओ' गटाचे रक्त दिल्यास ते जिवावर बेतू शकते. या रक्तगटाच्या मुळाशी पुनरावृत्त डीएनए क्रमांमुळे घडलेली गुणसूत्राची पुनर्रचनाही आहे. तिचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पुनरावृत्त क्रम व पुनर्रचना :

मानवी जनुकसंचाचा सुमारे अर्धा भाग पुनरावृत्त क्रमांनी व्यापलेला आहे. त्यांपैकी 'अलू' हा क्रम सुमारे 300 बेसजोड्यांचा असून त्याच्या 10 लाखांहून अधिक प्रती आढळतात. अर्धगुणसूत्री विभाजनात समजात गुणसूत्रे परस्परांशेजारी येऊन खंडांची देवाणघेवाण करतात. या वेळी एका गुणसूत्रावरील क्रमाची जोडी दुसऱ्यावरील भलत्याच ठिकाणच्या तशाच क्रमाशी जुळली, तर देवाणघेवाण असमान होते. दोन्ही क्रम एकाच दिशेचे असल्यास मधला खंड एका गुणसूत्रातून लोप पावतो व दुसऱ्यात दुप्पट होतो. एकाच गुणसूत्रावरील क्रम परस्परविरुद्ध दिशेचे असल्यास मधला खंड उलटा होतो. भिन्न गुणसूत्रांवरील क्रमांची गल्लत झाल्यास स्थानांतरण घडू शकते. 22 व्या गुणसूत्रावरील लोपामुळे होणारा डीजॉर्ज विकार आणि 17 व्या गुणसूत्रावरील द्विरावृत्तीमुळे होणारा शार्को-मारी-टूथ हा मज्जातंतूंचा विकार ही याची परिचित उदाहरणे होत.

बॉम्बे रक्तगट :

डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत या रक्तगटाचा शोध लावला. ए व बी प्रतिजन 'एच' या मूळ पदार्थापासून तयार होतात. बॉम्बे रक्तगटात 'एच'च नसल्याने ए वा बी जनुक असूनही तो व्यक्त होत नाही. 'एच' तयार करणारी फट-1 व फट-2 ही जनुके 19 व्या गुणसूत्रावर जवळजवळ आहेत. पहिले तांबड्या पेशींसाठी, तर दुसरे लाळ आदी स्रावांसाठी कार्य करते. जपानी संशोधक योशिरो कोडा व सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवून दिले की, भारतीय बॉम्बे रक्तगटात फट-1 मध्ये एका बेसचा बदल असतो आणि फट-2 लोप पावलेले असते. सुमारे 10 हजार बेसजोड्यांचा हा लोप अलू क्रमांमधील पुनर्संयोगातून झाल्याचे 2000 मध्ये स्पष्ट झाले. जनुके निकट असल्याने हे दोन्ही दोष एकत्रच वारशाने पुढे जातात.

हा गुणधर्म अप्रभावी असल्याने तो प्रकट होण्यासाठी माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुके यावी लागतात. त्यामुळे मामेबहीण वा आतेबहिणीशी विवाहाची प्रथा असलेल्या समाजांत त्याची शक्यता वाढते. भारतात सुमारे दहा हजारांत एक असे याचे प्रमाण मानले जाते. या व्यक्तींच्या रक्तद्रवात 'एच'विरोधी प्रतिपिंड असल्याने त्यांना केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. त्यांच्या रक्तद्रवात 'ओ' पेशी मिसळल्यास गुठळ्या होतात. खऱ्या 'ओ' गटात तसे होत नाही. ही साधी चाचणी उपयुक्त ठरते.

निष्कर्ष :

आई-वडील दोघांचीही नोंद 'ओ' अशी असताना अपत्य 'ए' गटाचे निघाले, तर चारित्र्याविषयी शंका घेण्यापूर्वी या रक्तगटाचा विचार व्हावा. तसेच अशी व्यक्ती आढळल्यास तिच्या भावंडांचीही तपासणी करावी. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडात हा गट असण्याची शक्यता 25 टक्के असते. आणीबाणीच्या वेळी तेच भावंड दाता ठरू शकते. पुनरावृत्त क्रमांना एकेकाळी निरुपयोगी डीएनए म्हटले जाई. त्यांच्यातील एक गल्लत आजही रुग्णाच्या जीवन-मरणाशी निगडित आहे, हे विद्यार्थ्यांपुढे मांडण्यास याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.