तोडलेला ऊस आणि चालू झालेला परवाना



गटात फिरताना आम्हांला आजवर बेणे, खोडव्याचे खत आणि तोड कधी मिळणार एवढेच विचारले जायचे. अलीकडे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "साहेब, पोराचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मंजूर झालाय, पण एवढ्यात निघणं होत नाही. एकदा जाऊन चालू करून ठेवावा का?" या प्रश्नाला आम्ही एकदा चुकीचे उत्तर दिले. तशी चूक दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये म्हणून हा लेख.

परवाना कसला?

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २०२२ साली व्यापार करार झाला. त्या करारामुळे १८ ते ३० वयाच्या आपल्या मुलामुलींना 'वर्क अँड हॉलिडे' नावाचा व्हिसा मिळू लागला. त्याचा क्रमांक ४६२. वर्षभर तिकडे राहायचे, देश पाहायचा आणि खर्चापुरते कामही करायचे, असा हा परवाना आहे. वर्षाला जागा फक्त १,०००. त्यामुळे सोडत निघते. पहिल्या सोडतीची नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. नंबर लागला तर बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि सुमारे ५,००० डॉलरची शिल्लक दाखवावी लागते. इतक्या खटपटीने हाती आलेला कागद वाया जाऊ नये असे घरच्यांना वाटणारच.

दोन तारखा

या व्हिसाला दोन मुदती आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो. पहिली प्रवेशाची. मंजुरीपासून १२ महिन्यांच्या आत तिथे पाऊल टाकले पाहिजे, नाहीतर परवाना बाद. दुसरी राहण्याची. पहिल्यांदा पाऊल टाकले त्या दिवसापासून १२ महिने. मध्ये कितीदाही ये-जा करा, पण बाहेर घालवलेले दिवस वाढवून मिळत नाहीत.

आपल्या भाषेत सांगायचे तर मंजूर झालेला परवाना म्हणजे उभा ऊस. तो काही काळ रानात थांबू शकतो, कायमचा नाही. पण एकदा कोयता लागला की घड्याळ सुरू झाले. मग गाडी वजनकाट्यावर असो की बांधावर, वजन घटतच राहते. परवान्याला कोयता लागतो तो पहिल्या प्रवेशाने.

झाले ते असे

आमच्या गटातील एका सभासदांच्या मुलाला मार्चमध्ये मंजुरी मिळाली. एप्रिलमध्ये वडील विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. पोरगा एकुलता एक, रानात तीन एकर आडसाली उभी. जाणे लांबणार हे उघड होते. शहरातला एक एजंट म्हणाला, "आठ दिवस जाऊन या, व्हिसा चालू होईल, मग निवांत जा." पोरगा कागद घेऊन आमच्याकडे आला. मंजुरीपत्र नीट न वाचताच आम्हीही म्हणालो, "बाबा, हातचं घालवण्यापेक्षा जाऊन ये."

मे महिन्यात तो आठ दिवस ब्रिस्बेनला जाऊन आला. डिसेंबरात ऊस गाळपाला गेला, वडील काठी घेऊन हिंडूफिरू लागले आणि जानेवारीत पोरगा परत निघाला. तिथे कामासाठी कागद दाखवला तेव्हा कळले की मुदत येत्या मे महिन्यातच संपते. बारापैकी आठ महिने घरी उसाला पाणी देण्यातच सरले होते.

दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागायचा तर पहिल्या वर्षात ठरावीक भागात, शेतीसारख्या ठरावीक कामाचे किमान तीन महिने भरावे लागतात. काम मिळेपर्यंतच सव्वा महिना गेला. तीन महिने काही भरले नाहीत.

त्याला क्वीन्सलँडची यंत्राची ऊसतोड पाहायची फार हौस होती. तिकडचे गाळप साधारण जून ते डिसेंबर चालते, आपल्या उलट. हा पोहोचला तेव्हा हंगाम आटोपला होता आणि सुरू होण्याआधीच त्याला परतावे लागले.

मे महिन्यात तो गेलाच नसता तर? प्रवेशाची शेवटची तारीख पुढच्या मार्चची होती. जानेवारीत पहिल्यांदा उतरला असता तरी पुढच्या जानेवारीपर्यंत पुरे वर्ष मिळाले असते, गाळपाचा सगळा हंगाम आणि दुसऱ्या वर्षाची संधीही. शिवाय विमानाचे एक जाणे-येणे वाचले असते.

मग करावे काय?

उशीर करायचाच असेल तर तो पहिल्या प्रवेशाच्या आधी करावा, नंतर नव्हे. शेवटच्या तारखेच्या आत निघणे जमणार असेल तर 'चालू करून ठेवण्या'च्या भानगडीत पडू नये. ती तारीख हुकणारच असे दिसत असेल, तरच अखेरच्या आठवड्यांत जाऊन यावे आणि लवकरात लवकर परत निघावे. त्याआधी जादा भाडे किती आणि हाती उरणारे महिने किती, याचा हिशेब कागदावर मांडावा. आणखी एक. दुसऱ्या देशांचे नियम वेगळे असतात, एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

लागणीची नोंद देताना तारीख चुकली तर तोडीचा क्रम चुकतो, हे आपण सगळे जाणतो. परवान्याचेही तसेच. मंजुरीपत्र हाती आले की प्रथम या दोन तारखा शोधाव्यात आणि घरातल्या कॅलेंडरावर लाल शाईने लिहाव्यात. इंग्रजीची अडचण असेल तर कागद घेऊन गट ऑफिसला यावे. या खेपेला आम्ही तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचू आणि मगच बोलू.

— ऊस विकास अधिकारी