शंभर मिलीची बाटली

सकाळी ७:४०

पारोळा. अमळनेर रस्त्याला लागून एक शटर अर्धं वर जातं आणि अडकतं. मिस्तरी खालून खांदा लावतो, तेव्हा उरलेलं वर जातं. नोव्हेंबरची थंडी आहे. भाचा झाडू मारतो, रस्त्यावर पाणी शिंपडतो. हे पाणी पुण्याचं काम म्हणून नाही. धूळ बसली नाही तर ती उघड्या इंजिनात जाते.

पोत्यावर हत्यारं मांडली जातात. १० चा पाना, १४ चा पाना, प्लगपाना, तीन स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, हवेचा पंप, दात घासायचा जुना ब्रश. शेवटी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली. १०० मिलीची. तळाशी भोक पाडून बारीक नळी बसवलेली. नळीला छोटा कॉक. ही बाटली मिस्तरी स्वतःच ठेवतो, भाच्याला हात लावू देत नाही.

दुकानाचं भाडं महिन्याला २,५०० रुपये. भाच्याला रोजचे ३०० आणि दुपारचं जेवण. मिस्तरी स्वतः धुळ्याला शिकला तेव्हा फक्त जेवण होतं.

८:२५

दूधवाला येतो. गाडी काळा धूर सोडते, पेट्रोलचा वास मारते. मिस्तरी उठतही नाही. बसल्या जागेवरून हात लांब करतो आणि चोकची दांडी खाली ढकलतो. धूर थांबतो. पहाटे थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून चोक ओढला होता, तो तसाच राहिला. चोक म्हणजे हवेची वाट अडवणं. हवा अडली की पेट्रोल जास्त.

"किती?"

"जाय भो."

९:१०

आबा आणि काकू. मागे कापूस भरायच्या रिकाम्या गोण्या बांधलेल्या. टाकीवर 'हिरो होंडा' हे जुनं नाव. त्या दोन कंपन्यांची फारकत २०१० च्या डिसेंबरात ठरली, म्हणजे गाडीचं वय तेवढ्यावरून कळतं.

"भाऊ, गाडी पेट्रोल भलतं पेई राह्यनी."

"किती दिन व्हयनात?"

पोळ्यापासून, असं काकू सांगतात. आबांना आठवत नाही.

मिस्तरी सायलेन्सरच्या तोंडात बोट घालतो. बोट काजळीनं काळं. प्लग काढतो, टोक काळं, मऊ, कोरडी काजळी. प्लगच्या रंगावर त्याचा सगळा भरवसा. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळा असेल तर जास्त होतंय, विटकरी असेल तर बरोबर. मग तो ऑइलचं झाकण फिरवून नाकाशी नेतो आणि मलाही वास देतो. ऑइलला पेट्रोलचा वास आहे. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. गाडी नुसती खातच नाही, आतून झिजतेही. हे ऐकून आबा पहिल्यांदा गंभीर होतात.

९:३५

उघडण्याआधी मोजायचं. इथे बाटली बाहेर येते. टाकीची नळी काढून बाटलीची नळी कार्बोरेटरला जोडतात, बाटली हँडलला टांगतात. आबांच्या गाडीचा मीटर बंद आहे. म्हणून भाचा दुसऱ्या गाडीवर बरोबर जातो, त्याच्या मागे मी. अमळनेरच्या दिशेनं, चाळीसच्या वेगानं. दोन्हीकडे कापूस, अर्धा वेचलेला. गाडी फडफडते आणि थांबते. भाच्याच्या मीटरवर ३.१ किलोमीटर. म्हणजे लिटरला ३१. ती ५० च्या वर द्यायला हवी.

परतीसाठी लागणारं पेट्रोल मिस्तरी दुसऱ्या बाटलीतून ओततो. ते त्याचं स्वतःचं. बिलात लागत नाही.

१०:०५

"आधी हवा बघायची, मग पेट्रोल," तो भाच्याला म्हणतो. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हा आकडा मिस्तरीला ठाऊक नाही, पण हाताला ठाऊक आहे. एअर फिल्टर बाहेर येतो. धूळ, आणि धुळीवर कापसाचे तंतू थापल्यासारखे. नवा फिल्टर १६० रुपये. अनेक मिस्तरी इथेच थांबले असते. गाडी थोडी सुधारली असती, गिऱ्हाईक गेलं असतं. हा थांबत नाही. नवा फिल्टर लावून गाडी सुरू करतो, सायलेन्सरमागे पांढरा कागद धरतो. कागदावर अजून काळे ठिपके.

१०:३०

पेट्रोलचा कॉक बंद. दोन बोल्ट. कार्बोरेटर हातात येतो. आधी खालची वाटी उघडायची. आत फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा. वाटी भरली की तो वर येतो आणि टोकदार पिननं पेट्रोलची वाट बंद करतो. पिनचं टोक नखावर फिरवून मिस्तरी मला दाखवतो. टोकाला गोल खाच पडली आहे. वाट नीट बंद होत नाही, पातळी वर राहते.

मग मेन जेट. पितळेचा, तांदळाच्या दाण्याएवढा. तो उन्हाकडे धरतो, एक डोळा मिटतो. बराच वेळ बघतो.

"तार घातली कोणीतरी."

भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक. त्यात कचरा अडकला की हवेनं फुंकायचं असतं. घाईत कोणी तार घालतं. तार पितळ खरवडते, भोक मोठं होतं, आणि त्या दिवसापासून मालक जास्तीचं पेट्रोल भरत राहतो. दिसायला जेट तसाच. ही एकच गोष्ट मिस्तरीला खरोखर राग आणते. आवाज चढत नाही, पण जेट तो मांडीवरच्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवतो.

काकू बाकावरून उठून जवळ येतात. त्यांनाही भोक बघायचं आहे.

११:००

धुणं. पूर्वी रॉकेल असायचं. आता वाटीतून काढलेलं पेट्रोलच. ब्रशनं घासायचं, पंपानं प्रत्येक भोकातून हवा मारायची. पेट्रोलनं मिस्तरीची बोटं पांढरी पडली आहेत, नखांच्या कडा फाटल्या आहेत. नवा जेट ७० रुपये, पिन ८०, वाटीचा गॅसकेट २०.

११:४०

गाडी पाच-सात मिनिटं गरम होऊ देतात. थंड इंजिनावर ट्युनिंग खोटं. या गाडीचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे हवेचा. बाहेर काढला की हवा वाढते. काही गाड्यांत तो इंजिनच्या बाजूला असतो, तिथे उलटं, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. हे न बघता फिरवणारे पुष्कळ.

स्क्रू हलक्या हातानं आत बसवायचा, आवळायचा नाही. मग दीड फेरा बाहेर. आता पाव-पाव. मिस्तरी बोलत नाही. मान तिरकी. इंजिनचा आवाज किंचित वर चढतो, मग अडखळतो. तो तिथून पाव फेरा मागे. एका जागी आवाज गोल होतो. मग दुसऱ्या स्क्रूनं रेस खाली आणतो. गाडी उभी राहून हळू बोलू लागते.

१२:१५

पुन्हा बाटली, पुन्हा तोच रस्ता. या वेळी गाडी जिथे बंद पडते तिथे सावलीला झाड नाही. मीटरवर ५.४. मिस्तरी रस्त्याकडेलाच प्लग काढतो. टोक विटकरी व्हायला लागलंय.

बिल: सामान ३३०, मजुरी २००. आबांकडे ५०० आहेत. तीस रुपये वहीत चढतात, कापूस विकल्यावर द्यायचे. गाडी रोज तीसेक किलोमीटर चालते. पेट्रोल शंभरच्या वर. काकू बोटांवर मोजतात.

"रोजना चाळीस रुपया वाचतीन." थोडं थांबून, "चार किलो कापूस येचानी मजुरी."

१:४५

कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. साबणानं तीनदा धुतलेल्या हातांना अजून पेट्रोलचा वास आहे.

४:१०

कॉलेजचा मुलगा, २०२१ ची गाडी. मीटरमध्ये पिवळा दिवा लागलाय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर राहिला नाही. पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर आणि छोटा संगणक ठरवतो. मिस्तरी फिल्टर बघतो, प्लग बघतो. दोन्ही ठीक. फिरवायला स्क्रूच नाही.

"धुळ्याला ने, भाऊ. स्कॅनर लागेल."

धुळं पस्तीसेक किलोमीटर. पैसे घेत नाही. मुलगा गेल्यावर भाच्याला विचारतो, स्कॅनर शिकायच्या कोर्सची फी किती सांगितली होती. भाचा आकडा सांगतो. मिस्तरी मान हलवतो आणि पंक्चरचं चाक ओढतो.

७:५०

दिवसाचे १,४८० जमले. सामानाचे आणि भाच्याचे वजा जाता ६२०. भाडं आणि वीजबिल त्यातूनच.

फडक्यातला जेट आता बाहेर येतो. मिस्तरी तो फरशीवर ठेवतो आणि हातोडीचा एक घाव घालतो. जेट चपटा होतो. आता तो कोणत्याही गाडीत बसणार नाही. डालड्याच्या जुन्या डब्यात असे अनेक चपटे जेट आहेत. डबा भरला की पितळ भंगारात जातं.

"उद्या पहिल्या एसटीनं जाय," शटर ओढताना तो भाच्याला सांगतो. "दोन फिल्टर आण. आणि पिना पाच."